पाहुण्यांचं बटन

धनज, ता. कारंजा
नोव्हेंबरची अखेर

प्रिय दीपा,

जयभीम, आणि डोक्यावरून हात. तुरीच्या शेंगा अजून भरल्या नाहीत, नाहीतर कोणा ओळखीच्या हाती पाठवल्या असत्या.

परवा कारंज्याला गेलो होतो. स्टँडवर भजी घेतली. तुला माझी खोड ठाऊकच आहे, आधी पुड्याचा कागद वाचायचा, मग भजी खायची. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं शिक्षण या तेलकट कागदांनीच केलं. त्यावर छापलं होतं की पोरींच्या वर्ल्ड कपची फायनल मोबाइलवर अठरा कोटींच्या वर लोकांनी पाहिली. मागच्या वर्षी पुरुषांच्या टी-ट्वेंटी फायनलला जितके होते, तितकेच! मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला, भजी गार झाली. तुझ्या आईला हे कधी सांगतो असं झालं. धावत बस पकडली, धनजला उतरलो, झपाझप चार पावलं टाकली, आणि मग पाय हळू पडायला लागले. ती श्रावणात गेली, त्याला किती दिवस झाले, तरी पायांना अजून ठाऊक नाही.

आता तुला एक गुपित सांगतो. टीव्हीखाली ती काळी डबी आहे ना, जिला तू उन्हाळ्यात स्टॅबिलायझर समजलीस आणि तुझ्या आईनं तोंडात पदर कोंबून हसू दाबलं, ती डबी कोण काय पाहतं ते मोजते. मोबाइल आपला आपण मोजतो, टीव्हीचा आकडा असल्या डब्यांवरून निघतो. ती बसवली मोजणाऱ्या कंपनीच्या विनोद नावाच्या पोरानं. सोबत एक रिमोट दिला. एक नंबर माझा, दोन नंबर तुझ्या आईचा, खाली पाहुण्यांचं बटन. पाहायला बसलं की आपापलं दाबायचं, डबीवर त्याचा दिवा लागतो, उठलं की बंद करायचं. बाहेर कोणाला सांगायचं नाही. विनोद म्हणाला, “काका, देशात अशी घरं थोडीच हायेत. तुमचं एक घर हजारो घराइच्या वतीनं पाह्यते.” तुझी आई चुलीपासून म्हणाली, “म्हंजे शितावरून भात! मंग बापू, शीत कच्चं ठेवून चालनार नाही.”

आणि खरंच, तिनं ते कधी कच्चं ठेवलं नाही. विहारात वंदनेला बसावं तशी हात धुऊन बसायची, मग बटन दाबायची. भाकरी उलटायला उठली तरी आधी बंद. एकदा मॅच पाहता पाहता तिचा डोळा लागला, मी तसंच राहू दिलं. जागी झाली ती माझ्यावर तुटूनच पडली. “काहून बंद नाही केलं माह्यं? म्या कुठं पाह्यली मॅच? हजारो बायाइच्या नावानं खोटं झालं ना!” मी म्हटलं, “अवं, कोन पाह्यते?” तर म्हणे, “डबी पाह्यते.” तिचा एकच नियम, जो पाहत नाही त्याचा दिवा नको. तू आलीस की मात्र पाहुण्यांचं बटन तीच दाबायची, मला हात लावू देत नव्हती. दाबून झालं की हळूच म्हणायची, “पोटची पोर, अन् पाहुनी!” आणि तुझ्या ताटात आणखी एक भाकरी.

क्रिकेटचं वेड तिला तुझ्यामुळे लागलं. विहारामागं कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या काड्या रोवून तू बॉल टाकायचीस, आणि लोक नाकं मुरडायचे. तेव्हा काड्या निवडून आणून देणारी तीच. टीव्हीवर पोरी खेळायला लागल्या की ओरडायची, “मार ना वं माय, झोपली काय!”

ती गेल्यावर पहिल्यांदा टीव्ही लावला त्या दिवशी बोट सवयीनं एकावर गेलं, मग दोनावर. दिवा लागला. बंद करायला बोट उचललं, पण पुढं जाईना. तेव्हापासून रोज तसंच. फायनलच्या दिवशी मात्र सवय नव्हती, जाणूनबुजून लावला. मुंबईकडच्या पावसानं मॅच उशिरा सुरू झाली, मी दुपारपासून बसून होतो. तिची सतरंजी तिच्या जागी. आपल्या पोरी जिंकल्या तेव्हा गल्लीत फटाके फुटले, आणि घरात मीच मोठ्यानं म्हटलं, “भागिरथा, जिंकल्या वं!” दीपा, टीव्हीच्या त्या आकड्यात तुझी आई आहे. एकटी नाही, हजारोंनी आहे. या एका विचारावर मी महिनाभर जेवलो.

काल विनोदचा फोन आला. त्याला कुठून तरी कळलं. बिचारा अडखळत बोलत होता, “काका, काकूचं बटन काढावं लागते. येत्या रविवारी येतो.” मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? तिनं ऐकलं असतं तर माझीच खरडपट्टी काढली असती. पण तो परका पोरगा खाली बसून दोन खटक्यांत तिला घरातून कमी करेल, हे मला पाहवणार नाही, आणि माझं बोट तर जातच नाही. आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर तू गेलीस ती आली नाहीस. फोनवर म्हणतेस, “बाबा, घरात पाय टाकवत नाही.” मी रागावलो नाही, बाई. मलाही कारंज्याहून परत येताना तसंच होतं. पण दवाखान्यातल्या नोकरीतून एक सुट्टी काढ आणि शनिवारच्या गाडीनं ये. रविवारी मॅच असो की नसो, विनोद यायच्या आधी आपण दोघं हात धुऊन बसू. दोन नंबर तू बंद कर. मग पाहुण्यांचं मी दाबतो. मी ते अजून एकदाही दाबलेलं नाही.

तुझाच,
बाबा