मला दूध पचतं

४ एप्रिल

निर्णय. आजपासून दूध.

त्सेंग मॅडम, म्हणजे हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ, म्हणाल्या, चुंग-वेई, वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर तुमचं पोट केळ्याएवढं उरलंय. त्यात भात कोंबू नका, आधी प्रोटीन. दूध घ्या, प्रोटीन शेक घ्या, नाहीतर सोयाचं दूध. सोया म्हणताच मी हात वर केला. ते सोडून बोला, म्हटलं. त्यांनी विचारलं, ॲलर्जी आहे का? म्हटलं, आहे. वडिलांची.

त्या हसल्या नाहीत. त्यांना विनोद कळत नाही.

५ एप्रिल, सकाळ

स्वतःसाठी नोंद, म्हणजे पुढे विसर पडून आबांशी, म्हणजे वडिलांशी, गोड बोलायला नको. आबांचं खाली नाश्त्याचं दुकान. पहाटेपासून सोयाबीन दळतात, वास वरपर्यंत येतो. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला सरांनी माझ्याकडे बघत भर वर्गात सांगितलं, या क्वोसाठी दोन खुर्च्या आणा. मी एकच उचलली आणि खिडकीतून बाहेर टाकली. कॉलेजने काढलं नाही, मीच सोडलं. आबा म्हणाले, बरं झालं, ये खाली, सोया गाळायला माणूस हवाच आहे. मी म्हणालो, तुमच्या सोयाच्या थेंबाला शिवणार नाही, दुकानात पाऊल टाकणार नाही. आबा म्हणाले, जेवायला तरी उतरशील ना रे? हा काय प्रश्न झाला!

तेव्हापासून मागच्या जिन्याने जातो-येतो.

तीच सकाळ, जरा नंतर

एक पेला थंड दूध. एका दमात. सोपं आहे.

तीच सकाळ, आणखी नंतर

दूध शिळं होतं.

६ एप्रिल

नवीन दूध. हेही शिळं. दुकानदाराशी भांडलो. तो म्हणाला, तारीख बघ ना डोळे उघडून. मी म्हटलं, तारखेला काय पोट असतं? आई म्हणाली, बाळा, तुला लहानपणापासून दूध सोसत नाही, बालवाडीत दर गुरुवारी दूध द्यायचे आणि दर गुरुवारी मी चड्डी घेऊन यायचे. आईची स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिली नाही.

९ एप्रिल

प्रोटीन शेक. परदेशी डबा, वर एका माणसाचे दंड. व्हॅनिला: पितळ उकळल्यासारखं लागतं. चॉकलेट: तेच पितळ, काळं. ब्लेंडरचं झाकण उडालं, शेक छतावर. छताला तरी पचला.

पोटात रिकामी गाडी दगडावरून चालल्यासारखा आवाज. त्सेंग मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, एका दमात पिऊ नका, घोट घोट घ्या, आणि तुम्हाला दुधातली साखर पचत नसेल, आपल्याकडे पुष्कळांना नाही पचत. पुष्कळांना! मी पुष्कळांपैकी आहे का? इच्छाशक्ती नावाची काही चीज आहे की नाही? मी शांतपणे ओरडलो आणि फोन ठेवला.

१४ एप्रिल

केस गळताहेत. उशीवर, कंगव्यात, शेकमध्ये. प्रोटीन कमी पडलं की असं होतं म्हणे. मी म्हणतो, संतापाने.

१७ एप्रिल

सगळं बदललं.

कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात नवी मुलगी आली आहे. पेइ-रोंग. एप्रनच्या खिशावर छोटी कापडी गाय टाचलेली. ती ल्यूयिंगची, म्हणजे गोठ्यांच्या गावची. तिने मला विचारलं, काय देऊ? एवढंच. पण ज्या तऱ्हेने विचारलं!

मी म्हटलं, लाटे. कॉफी नाममात्र, बाकी दूध. ती खूष झाली. म्हणाली, आमचे आजोबा म्हणतात, दूध न पिणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, मीसुद्धा नाही ठेवत.

मग तिथल्या तिथे सणाच्या ऑफरचे सगळे कप घेऊन जमा ठेवले. आमच्याकडे अर्धं गाव अशीच कॉफी पितं: एकदम कप घ्यायचे, निम्मे फुकट, दुकानात शिल्लक ठेवायचे आणि रोज एक मागायचा. म्हणजे आता रोज तिच्यासमोर उभं राहण्याचा माझा हक्क आहे. पैसे भरलेला हक्क. पुरुषाने असं नियोजन करावं.

१८ एप्रिल

पहिला कप. तिच्यासमोर, हसत, संपेपर्यंत. मग देवळापर्यंत पळालो. देवळाचा संडास स्वच्छ असतो.

२० एप्रिल

देवळाचे राखणदार काका म्हणाले, पोरा, रोज येतोस, देवाच्या पाया तरी पड. पडलो. घाईत.

२५ एप्रिल

पेइ-रोंगने विचारलं, तू कॉफी पितोस आणि लगेच धावत कुठे जातोस? म्हटलं, धावणं हा माझा व्यायाम आहे. ती म्हणाली, घाम मात्र निघण्याआधीच आलेला असतो. निरीक्षण बारीक आहे. एखाद्याकडे इतकं लक्ष कोण देतं? उघड आहे.

परत येताना मागच्या जिन्यावर आबा. अंगाला सोयाचा वास, हातात रिकामी बादली. म्हणाले, तोंड पांढरं पडलंय रे. म्हटलं, दुधाने उजळलंय. ते बादलीकडे बघत राहिले. मी जिंकलो.

३ मे

आज काहीच झालं नाही! कप संपवला, उभा राहिलो, वाट बघितली. पोट गप्प. देवळाकडे सवयीने गेलो, तर काका म्हणाले, आज चालत?

४ मे

आजही नाही. शरीराला शेवटी मालक कोण ते कळलं.

८ मे

विजय. रोज लाटे, रोज शांतता. चवही सुधारली आहे. जरा गवताचा, शेंगेचा वास येतो. तिच्या गावचं ताजं दूध असणार, खास माझ्यासाठी मागवलेलं. माझी जीभ पहिल्यापासून फार चोखंदळ, बारीकसारीक फरक लगेच कळतो.

त्सेंग मॅडमना फोन करून कळवलं की विज्ञान हरलं. त्यांनी विचारलं, नक्की दूधच पिताय ना? फोन ठेवला.

१५ मे

केस गळायचे थांबले. पेइ-रोंग म्हणाली, तरतरीत दिसतोस. मी म्हटलं, दूध. ती एकदम वळून मशीन पुसायला लागली. खांदे हलत होते. भावना लपवत असावी.

२१ मे

बोलावलं!! येत्या शनिवारी ल्यूयिंगला, तिच्या काकांच्या दुधाच्या हॉटपॉटच्या हॉटेलात. आजोबाही येणार. म्हणजे घरच्यांना दाखवायचं. दुसरा अर्थच होत नाही. ती म्हणाली, तू फक्त ये, तुझ्यासाठी वेगळं बघू. वेगळं! साऱ्या जगापासून वेगळं.

वाक्य तयार केलं: पेइ-रोंग, मी कॉलेज सोडलं, घर सोडल्यातच जमा आहे, दुधाला मात्र कधी सोडणार नाही, आणि तुलाही. आरशासमोर म्हटलं. उत्तम.

शनिवार, सकाळ

कोट घातला. ऑपरेशनच्या आधीचा आहे, त्यात आता मी आणि आणखी एक मी मावतो. फळांची पेटी घेतली. स्कूटरवर निघतो. आता परत येईन तो निराळा माणूस म्हणून.

रविवार, अंथरुणात

लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहितो.

टेबल लांबलचक. एका टोकाला आजोबा, बाकी सगळी कॉफीच्या दुकानाची गिऱ्हाइकं. निवृत्त पोस्टमन, दातांचे डॉक्टर, फुलवाल्या मावशी. कप जमा ठेवणाऱ्या सगळ्यांना बोलावलं होतं. दुकानाला वर्ष झालं म्हणून. मावशी म्हणाल्या, कोट कुणाचा रे?

आणि आजोबांच्या शेजारी आबा. दुकानातल्या चपला घालून.

मी विचारलं, तुम्ही इथे कसे? आबा म्हणाले, बोलावलं म्हणून. तेवढ्यात मधोमध पातेलं आलं, उकळतं दूध, त्यात कोबी, मका, मांसाच्या चकत्या. पेइ-रोंगने माझ्यापुढे वेगळं छोटं पातेलं ठेवलं. आबा हळूच म्हणाले, मोठ्यातलं नको घेऊस, बाळा.

बाळा! सगळ्यांसमोर, तिच्या आजोबांसमोर! माझं डोकं फिरलं. म्हटलं, मला दूध पचतं, तीन आठवडे पचतंय, सगळ्यांनी बघा. मोठ्या पातेल्यातून वाडगा भरला आणि उभं राहून एका दमात प्यालो.

पेइ-रोंग ओरडली, अरे वेड्या, तुझ्या कपात तीन आठवडे सोया घालतेय मी! तुझे आबा रोज सकाळी बाटली आणून देतात, म्हणतात, त्याला सांगू नकोस, नाहीतर प्यायचा नाही!

 मी ते तयार केलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं. पेइ-रोंग, मी कॉलेज सोडलं, इथपर्यंत आलो. मग केळ्याएवढ्या पोटाने वाडगाभर दूध परत केलं. फळांच्या पेटीत. उरलेल्याचा हिशेब हॉटेलशेजारच्या गोठ्यामागे, बराच वेळ. एक गाय बघत होती.

आजोबा बाहेर आले, म्हणाले, दूध पचत नाही त्याला आम्ही काही फाशी देत नाही रे. पेइ-रोंगने पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, माझा धाकटा भाऊ अगदी तुझ्यासारखा आहे. एवढंच. पण ज्या तऱ्हेने म्हणाली.

आबांनी दुकानाच्या टेम्पोत स्कूटर चढवली, मग मला.  आमच्या ताईनानजवळ आल्यावर म्हणाले, कोट चांगला होता.

सोमवार

पुढच्या जिन्याने उतरलो. दुकानात पाऊल पडलं. आबांनी न विचारता गरम पेला पुढे सरकवला, बिनसाखरेचा. घोट घोट घेतला.

तोच गवताचा वास. तोच शेंगेचा. जन्मभर या वासात झोपलो आणि कळलं नाही.

पेइ-रोंगचा मेसेज: तुझे कप अजून शिल्लक आहेत, काय करू?

आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, ठेव शिल्लक, सोया मीच देतो ना. आणि हात धू, गाळायचं आहे.