दुसऱ्या नंबरची ओळ

कोंडीबा दाजी यांस,

कडेगावहून तुमचा मेहुणा नाथाजी याचा वाकून रामराम. हरणाआक्काचा खोकला थांबला का, आणि तुम्ही अजून थंडीत वाईच्या घाटावर बसता का, ते कळवावे. आम्ही इकडे बरे आहोत. बरे म्हणजे कसे, ते खाली येतच आहे.

आमची सून अंकिता घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे म्हणे सगळी कामं कॉम्प्युटरमध्ये ओळीनं मांडतात. गणपतीनंतर तिनं आमच्या घरचीही बारा कामं तशी मांडली आणि सगळ्यांच्या मोबाईलवर दिली. एका कामाची एक ओळ. काय करायचं, कुणी, कधीपर्यंत. ओळीच्या डाव्या अंगाला सहा ठिपके असतात. त्यांवर बोट दाबून धरलं की ओळ उचलली जाते, मग वर न्या नाहीतर खाली सोडा. (तारखेप्रमाणे लावली तर ती जागची हलत नाही. पण अंकिता म्हणाली, घरातली निकड तारखेला काय कळतीय, आपण हातानंच लावू.) वरची दोन कामं त्या आठवड्यात उरकायची, असं ठरलं. सतरा वर्षं पलटणीत काढलेल्या माणसाला हे पटलं.

पटलं नाही ते एवढंच, की पहिल्या ओळीत माझा डोळा होता. 'आबांचा मोतीबिंदू, सांगली.' ऑपरेशनला मी भीत नाही. पण ऊस तोडीला आलेला, टाकी गळतेय, आणि डोळा काय, दुसरा आहेच. म्हणून सकाळी चहाच्या आधी मी ती ओळ धरली, तळाला नेऊन सोडली आणि कुणी बघायच्या आत मोबाईल खिशात घातला. दुसऱ्या दिवशी बघतो तर मोतीबिंदू परत पहिला. मी ओळखलं, ही साळूबाई. तोंडानं बोलायचं नाही, बोटानं करायचं. मग मीही बोललो नाही, परत खाली सोडला. असे चौदा दिवस आम्ही नवराबायको लढलो. तेवढ्या काळात मीठ नाहीतर पाणी मागण्यापुरतंच बोलणं झालं. टाकी गळतच राहिली, गॅसची नळीही बदलायची राहिली.

पंधराव्या दिवशी आमच्या लेकानं, जयराजनं जम्मूहून अंकिताला फोन करून विचारलं, की आईचं काम तळाला कसं गेलं. ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, तुम्ही ओळ कशी सरकवता ते दाखवा. मी दाखवलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दुसरी ओळ धरताय."

दुसरी ओळ होती, 'आईचा गुडघा, सांगली.' ती पहिल्याच दिवशी तळाला गेली. तिच्या जागी जे आलं, ते मी दुसऱ्या दिवशी खाली घातलं. असं घरातलं एकेक काम रोज तळाला गेलं. बाराव्या दिवशी गुडघा चढत चढत परत वर आला, तेव्हा तोही मीच पुन्हा खाली ढकलला. माझा डोळा तसूभर हलला नव्हता. साळूबाईनं यादीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. ती नुसती बघत होती.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती एका पायावर भार देऊन भाकरी थापत होती. झालं ते सगळं सांगितलं. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली.

"मला वाटलं, माजं दुखणं तुमच्या मनातच न्हाई."

दोन आठवडे हे पोटात ठेवून ती जिना चढत-उतरत होती, दाजी. म्हटलं, "अगं, तुजी वळ मला दिसलीच न्हाई."

"मग डोळा कवा दावताय?"

येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी दोघं सांगलीला जातोय. आधी तिचा गुडघा, मग माझा डोळा. हे मी अंकिताला तोंडी सांगितलं.

आक्काला नमस्कार सांगावा.

तुमचा
नाथाजी

ता. क. : तुमच्या दोन्ही डोळ्यांचं झालंय. सुई डोळ्यातच टोचतात का, एवढं लिहून कळवा. फोनवर नको, घरात सगळे ऐकतात.

ता. क. दुसरा : मामा, मी अंकिता. आबांनी पाकीट टपालात टाकायला दिलं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, वाचता येईना, म्हणून मी सगळं पत्र नव्यानं उतरवून काढलंय. टोचत असलं तरी टोचत नाही असंच कळवा.