किल्ली जोडीदाराकडे

२ जुलै

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझ्या घरची मंडळी बरी असाल असं धरून चालते. आम्हीही बरे आहोत. औषधाचं दुकान नेहमीच्या वेळेला उघडतं. सर्दी-खोकल्याचे दिवस आहेत, काउंटरवर गर्दी असते, ते बरंच आहे.

मागच्या आठवड्यात तू येऊन गेलीस तेव्हा नीट बोलणं झालं नाही. तुझी बस होती.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की सैनिकी अकादमीच्या गाडीतून माझ्या लेकीची, म्हणजे तुझ्या जोडीदाराची, ट्रंक आमच्याकडे आली आहे आणि तिला कुलूप आहे. किल्ली तुझ्याकडे आहे. तू आलीस तेव्हा तुझ्या गळ्यात हिच्या किल्लीची ती खाकी दोरी मी पाहिली होती, पण मागायचं राहिलं. तुमच्या उन्हाळी शिबिराचा नियम मला ठाऊक आहे. आपली किल्ली आणि आपली पाण्याची बाटली आपल्याजवळ ठेवायची नाही, जोडीदाराकडे द्यायची. भेटीच्या रविवारी हिनं तो मोठ्या ऐटीत समजावून सांगितला होता. "म्हणजे कसं आई, कितीही भांडण झालं तरी तहान लागली की मिटवावंच लागतं."

हिचे बाबा परवा कुलूप कापणाऱ्या माणसाला घेऊन आले होते. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. किल्ली शाबूत असताना कुलूप कापणं मला पटत नाही.

तरी ती पोस्टानं पाठवून दे. पाकीट जाड घे. साध्या पाकिटातून किल्ली भोक पाडून बाहेर पडते, हा अनुभव आहे. पत्ता सुवाच्य अक्षरात लिही.

तुझं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. अभ्यास चालू असेलच.

कळावे.

तुझ्या जोडीदाराची आई


१९ जुलै

चि. मुलीस,

आशीर्वाद.

किल्ली आली नाही. ते राहू दे. हे पत्र मी रागावून लिहिते आहे, तेव्हा बसून वाच.

काल तुझ्या आजीचा दुकानात फोन आला. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, पोरगी पाणी घेत नाही हो. दिवस मावळेपर्यंत घोटसुद्धा नाही. सोमवारी शाळेत पडली, सलाईन लावावं लागलं. आमचं काही ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी म्हटलं, "माझं का ऐकेल?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला घाबरते ती."

गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, माझी ती पोटाची गोळी." मी त्याला डोकेदुखीची दिली. इतकी वर्षं काउंटरला आहे, असं कधी झालं नव्हतं. शेजारच्या शिंप्याला गल्लीच्या टोकापर्यंत पळवून मी ती परत मागवली.

तर ऐक. तुझ्या वयाच्या मुलीनं या हवेत दिवसभर पाणी प्यायलं नाही तर आधी डोकं दुखतं, मग लघवी कमी होते, मग मूत्रपिंडावर ताण येतो. मी डॉक्टर नाही, पण माझं शिक्षण औषधांचं आहे आणि मी या गोष्टी गंमत म्हणून सांगत नाही. तू स्वतःला शिक्षा देते आहेस, हे कळायला मात्र शिक्षण लागत नाही. ही शिक्षा तुला कुणी सांगितली?

हा प्रश्न लिहिला आणि उठून दुकानात जाऊन आले. आता पुढे लिहिते.

त्या दिवशी तू आलीस. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलीस, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, तिथं शिकवतात तशी. मी तुझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. तू त्याला हात लावला नाहीस. म्हणालीस, "काकू, आधी सांगते, मग पिते." आणि सांगितलंस.

शेवटच्या लांब चालीच्या दिवशी हिला सकाळपासूनच ताप होता, हे तुलाही उशिरा कळलं. ऊन चढलं. पाणी घेतलं की उलटून पडत होतं. पुढच्या थांब्यावर कवायत घेणारे उस्ताद बाटल्या उलट्या करून बघणार होते. ज्या मुलीच्या बाटलीत पाणी उरेल तिला रांगेतून काढून आजारी मुलींच्या खोलीत पाठवायचे, आणि चाल पुरी केली नाही तर बिल्ला नाही. हिची बाटली तुझ्या कमरेला होती. ही म्हणाली, "पोटात राहतच नाहीये गं. ओत ना. थोडंच तर राहिलंय." आणि तू रस्त्याच्या कडेला हिचं पाणी ओतलंस. बाटली रिकामी निघाली. उस्ताद म्हणाले, "शाबास." फाटक दिसायला लागलं तेव्हा ही पडली.

चौकशीत हे कुणी विचारलं नाही, कारण बाटली रिकामी म्हणजे मुलीनं पाणी प्यायलं, असंच सगळ्यांनी धरलं होतं. आम्हालाही तसंच सांगितलं होतं. तू आपल्या पायांनी चालत येऊन सांगितलंस.

आणि मी काय केलं? मी उठले, तुझ्यासमोरचा भरलेला पेला उचलला आणि मोरीत ओतला. पेला विसळून पालथा घातला. म्हटलं, "तुझी बस चुकेल."

मला वाटलं होतं, माझ्या लक्षात आहे तेवढं तुझ्या लक्षात नसेल.

आता मी जे लिहिणार आहे ते गोड नाही. "बाळा, तुझा काही दोष नाही," असं मी लिहिणार नाही. ते तुला सगळ्यांनी सांगितलं असेल आणि तुला खरं वाटलं नसेल. तू चुकलीस. ताप लपवला, ओत म्हणाली, तीही चुकली. ज्यांनी बाटली बघितली आणि पोरीचा चेहरा बघितला नाही ते सगळ्यांत जास्त चुकले, आणि त्यांच्याशी आमचं जे काही व्हायचं ते होईल, त्यात तू पडू नकोस. त्या पाण्यानं ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच म्हणाले. तेव्हा तुलाही मी तेच सांगते. सांगता येत नाही. हे घेऊन तुला जगायचं आहे, आणि मलाही. पण जगायचं आहे.

मला तुझा राग आला होता. अजून येतो. दुपारी, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा जास्त येतो. हिच्यावर चिडायला मला जमत नाही. फोटोवर कसं चिडणार? समोर असती तर कान उपटला असता. तू समोर होतीस.

पाणी पी. सकाळी उठल्याबरोबर एक मोठा पेला, मग थोड्या थोड्या वेळानं. सोबत मीठ-साखरेच्या पुड्या पाठवते आहे, सलाईननंतर काही दिवस घे. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात मिसळ, कमी-जास्त नको.

तुझ्या जोडीदाराची आई


३ ऑगस्ट

चि. शिडीस,

हिनं तुला ठेवलेलं नाव आज पहिल्यांदा लिहिते आहे. चालेल ना?

किल्ली मिळाली. पाकीट जाड होतं, अक्षर सुवाच्य होतं. आत कागद एवढासा आणि त्यावर दोनच शब्द. "आता पिते." मी तुझ्या आजींना फोन करून खात्री करून घेतली. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, सवय आहे मला. त्या म्हणाल्या, "पिते हो. जेवतेही. पण बोलत नाही." बरं, एकेक होऊ दे.

भेटीचा रविवार मला रोज आठवतो. झाडाखाली सतरंजी टाकून आम्ही बसलो होतो आणि ही तुला हाताला धरून ओढत घेऊन आली. तू केवढी उंच, ही तुझ्या खांद्याला लागत नव्हती. म्हणाली, "आई, बाबा, ही माझी शिडी. वरच्या फळीवरचं सगळं हीच काढून देते."

बाबा म्हणाले, "आणि तू हिच्यासाठी काय करतेस?"

"मी पलंगाखालचं काढते. हिला वाकायचा कंटाळा."

तू लाजून म्हणालीस, "खोटं बोलतेय ही, काकू. मोजे हिचेच असतात." आणि तुम्ही दोघी हसायला लागलात. कशाला हसताय म्हणून विचारलं तर सांगता येईना, इतक्या. मी म्हटलं होतं, "सैनिकी अकादमी आहे की खिदळायची शाळा?" ही म्हणाली, "दोन्ही."

ते मोज्यांचं काय होतं, मला अजून माहीत नाही.

त्याच दिवशी हिनं बाबांना पलंगाची चादर तुमच्या पद्धतीनं खोचायला शिकवलं, सतरंजीच्या कोपऱ्यावर. आता ते रोज सकाळी आमचा पलंग तसाच आवळून ठेवतात. सुरकुती म्हणून नाही. आम्हाला झोपताना पाय पसरता येत नाहीत. मी एरवी काही बोलल्याशिवाय राहिले नसते. पाय दुमडून झोपते.

किल्ली आली त्या दिवशी आम्ही दोघं ट्रंकेसमोर बसलो. ती हिच्या खोलीत खिडकीखाली ठेवली आहे. वर पांढऱ्या रंगात हिचा शिबिरातला नंबर आहे, एका कोपऱ्याला पोचा पडलाय. मी म्हटलं, "उघडा." हे म्हणाले, "तू उघड." मी किल्ली कुलपात घातली. मग हे म्हणाले, "ही घरात असताना हिच्या कपाटाला आपण कधी हात लावला का? केवढी ओरडायची."

मी किल्ली काढून घेतली.

शिडी, आत काय असणार? कपडे, साबण, पॉलिशची डबी, ते मोजे. मी एकेक बाहेर काढीन, झटकीन, घडी घालीन आणि झालं. माझ्या हातात त्या नुसत्या वस्तू राहतील. कुठली वस्तू हातात घेतल्यावर हसायचं असतं, हे मला कोण सांगणार? सोळा वर्षं ही माझी होती. त्या उन्हाळ्यातले दिवस मात्र ही तुझ्याजवळ होती, आणि ते दिवस माझ्याकडे नाहीत. ते फक्त तुझ्याकडे आहेत. तुला घरातून परत लावलं, तेव्हा त्यांनाही मी परत लावलं, हे मला फार उशिरा कळलं.

चालताना ही काय बोलत होती, तेही मला विचारायचं आहे. ओत म्हणण्याच्या आधी आणि नंतर. पण ते लिहून पाठवू नकोस. समोर बसून सांग. मी मध्ये उठणार नाही.

म्हणून हिची किल्ली मी या पत्राबरोबर तुला परत पाठवते आहे. दोरी घामानं कडक झाली होती, ती मात्र धुतली नाही. तू घेऊन ये. सुट्टी बघून ये, शाळा बुडवून नको. आजींना आणायचं असेल तर आण. आधी कळवायची गरज नाही, मी दुकानात नाहीतर घरात असते, आणखी कुठं जाणार?

आणि एक गोष्ट इतके दिवस मी तुला सांगितली नाही. हिचे कपडे दवाखान्यातून मिळाले, त्यांत किल्ली अडकवलेली एक खाकी दोरी होती. ती तुझी. म्हणजे तुझ्याही ट्रंकेला कुलूप असेल, आणि तू ते तसंच ठेवून बसली असशील. कुणाला मागितली नाहीस. मीही दिली नाही. हिच्या गळ्यातली शेवटची वस्तू होती ती, माझा हात सुटेना.

ती मी आत्ताही पाठवत नाही. माझ्या कपाटाच्या किल्लीबरोबर एकाच जुडग्यात घातली आहे, कमरेला असते. आलीस की तुझी ट्रंक उघडायला मी तुझ्याबरोबर तुझ्या घरी येईन. तोवर नियमाप्रमाणे हिची तुझ्याकडे, आणि तुझी माझ्याकडे.

बसमध्ये बाटली भरून घेऊन बस. वाटेत पी. दारात मी बाटली बघणार नाही, तुझा चेहरा बघीन.

पेला भरून टेबलावर ठेवलेला असेल.

तुझी किल्ली जिच्याकडे आहे,
ती