हसण्याआधी

अरे चवळीखाऊ त्येमोको,

मला लिहिता येत नाही, म्हणून बाजरी कांडता कांडता हे मनातच लिहितेय. दमलेय रे.

तुझ्या आणि माझ्या कुळाचं नातंच चेष्टेचं. वाट्टेल ते बोलायचं, समोरच्याने हसायचं आणि मागितलेलं नाकारायचं नाही. सावत्र भावाने हाकलल्यावर तू आईला घेऊन उपाशी आमच्या दारात आलास, तेव्हा मी पहिल्याच घासाला म्हटलं होतं, "सावकाश रे चवळीखाऊ, टोपलंसुद्धा खाशील!" ठसका लागेपर्यंत हसला होतास.

पुढे तू लढाया जिंकल्यास, एकेक राजा तुझ्यापुढे वाकला आणि तू सगळ्या मांदे देशाचा सम्राट झालास.

काल दरबारात जो तो तुला मान म्हणून वाकून डोक्यावर धूळ टाकायचा आणि मगच तुझ्याशी बोलायचा. मी मात्र ताठ उभी राहिले. म्हटलं, "काय चवळीखाऊ, एवढ्या उंच आसनावरून पाय तरी टेकतात का?"

तू हसलास. पण हसण्याआधी सरदारांच्या तोंडाकडे पाहिलंस.

माझा एकुलता लेक सिरिमान तुझ्या फौजेतून वाळवंटाकडे निघालाय. त्याला परत मागायला आले होते. तू म्हणालासही, "न्येले, काय हवंय? माग."

पण मला त्येमोकोकडे मागायचं होतं, सम्राटाकडे नाही. मी वाकले, मूठभर धूळ डोक्यावर टाकली आणि म्हणाले, "काही नाही, महाराज."

तुमच्या राज्यातली एक बाई,
न्येले