भाड्यावरचं टिंब

मी, कुमारी मंदाकिनी राधाकृष्ण पुरनाळे, वय तेवीस, राहणार शेवगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणीही न शिकवता आणि बऱ्यापैकी रागात लिहिते आहे. सोमवारी पुण्याला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. मला आई-वडील नाहीत, लग्न झालेलं नाही. काही न लिहिता गेले तर माझ्या खोल्या काका सहादेव यांच्याकडे जातील आणि तिथली बिऱ्हाडं महिन्याभरात रस्त्यावर येतील.

१. बाजारतळामागच्या चाळीतला वडिलांचा अर्धा भाग माझा आहे, अर्धा काकांचा. माझा भाग मी आमच्या भाडेमदत मंडळाला देते. दुष्काळात ज्याचं भाडं थकलं त्याच्या दाराला कुलूप लागण्याआधी ते भरायचं, एवढंच मंडळाचं काम. माझ्या खोल्यांच्या भाड्यातून ते चालू राहावं. व्यवस्था माझा मित्र गोरक्षनाथ पाहील. माझी सायकल त्याला.

२. काकांना मी एक टिंब देते. कारण लिहिते. काकांचं भांड्यांचं दुकान आहे. चाळीचं भाडंही ते गल्ल्यावरच घेतात आणि पावती दुकानाची देतात. त्यांची भाडेकरू रंगुबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मजुरी उशिरा आली, भाडं थकलं. एक दिवस परतली तर दाराला काकांचं कुलूप आणि संसार बाहेर. मी मंडळाचे पैसे घेऊन तिच्यासोबत दुकानात गेले.

"हिनं कवा भाडं दिलं?" काका म्हणाले. "पावत्या बघ की. समद्या भांड्याच्या हायेत."

खरंच, प्रत्येक पावतीत 'भाडे' शब्दावर टिंब होतं.

रंगुबाई म्हणाली, "शेट, माज्याकडं दोन पातेली हायेत. बाकीची काय म्या खाल्ली?"

टिंब मुद्दाम दिलंय, असं मी म्हटलं. तर काका गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "मंदे, तू कॉन्व्हेंटातली. तुला मराठीतलं टिंब काय कळतंय?" सगळे हसले. म्हणून हे मराठीत लिहिलं आहे.

३. माझी कोपऱ्यातली खोली, जिथे रंगुबाई आता राहते, ती तिला तहहयात बिनभाड्याने. तिची खिडकी काकांच्या ओट्यासमोर उघडते. ती कधीही बंद करू नये.

४. माझा टाइपरायटर मंडळाला. काकांना प्रत्येक नोटीस इंग्रजीतच पाठवावी. वाचून घ्यायला ते वकिलाकडे जातील, आणि वकील काही फुकट वाचत नाही.

५. मदत घेणाऱ्याचं नाव मंडळात कुणी कुणापुढे काढत नाही. याला एकच अपवाद. काकांनी दुकान आणि राहतं घर दोन्ही मुलांच्या नावे केलं आहे, आणि मुलं त्यांच्याच हाताखाली शिकली आहेत. उद्या मुलांनी त्यांना बाहेर काढलं तर मंडळाने काकांना पूर्ण मदत द्यावी, खोलीसुद्धा शोधून द्यावी. मात्र त्यांचं नाव आठवडे बाजारात दवंडी पिटून सांगावं.

६. काकांच्या पत्नी मालनकाकू काल भेटून गेल्या. म्हणाल्या, "मंदे, मेल्यावर तरी सोड गं त्यान्ला." काकू, जिवंतपणी मला मंडळाच्या कामातून वेळ मिळत नव्हता. मेल्यावरच सवड मिळणार आहे.

मंदाकिनी रा. पुरनाळे

तिने आम्हाला हे वाचून दाखवलं आणि आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातलं काही मिळणार नाही.
साक्षीदार: कानिफनाथ आसाराम ढाकणे (सही)
गोजरबाई बन्सी मडके (डाव्या हाताचा अंगठा)

शेवगाव, जि. अहमदनगर
ता. ९ फेब्रुवारी १९७३