माळावरची लांडगीण

बा,

तू गेलास त्यानंतर आपल्या माळावर लांडगा राहिला नव्हता. मागच्या हिवाळ्यात एक जोडी परत आली, आणि नाल्याच्या दरडीत मादीनं पिल्लं घातली. मी वनरक्षक झाले, हा माळ माझ्याकडेच आहे, हे तुला कळायचं राहिलं. तुझं एक आठवतं. मी दहा वर्षांची असेन. लांडगिणीनं आपली मेंढी पाडली आहे आणि मी दगड घेऊन धावते आहे. तू माझा हात धरतोस. "काहून हाकलून राह्यली तिले? मेलेली आपण उचलली त उद्या जिती नेईन. खाऊ दे." आई चिडून म्हणते, "लांडगीण तुही बहीण हाय काय?" तू म्हणतोस, "व्हय, आन् तुही नणंद." संध्याकाळी तू मेंढ्या दोनदा मोजल्यास. मेंढी गाभण होती.

खात्यात मी तुझंच म्हणणं मांडत राहिले. भरपाईचा पंचनामा गुरांचा डॉक्टर येईपर्यंत चार-चार दिवस अडायचा, मग मेंढी पुरून टाकायची. लांडगा उपाशी, मेंढपाळ संतापलेला. एखादा त्या मेंढीतच विष घालायचा. मी अर्ज करत गेले, की वनरक्षकानं त्याच दिवशी जावं, पंचनामा करावा, आणि मेंढी लांडग्यासाठी तिथंच सोडावी. यंदा एका वर्षापुरता, फक्त आमच्या भागासाठी, तसा आदेश निघाला.

एका रविवारी दुपारी, लांडग्यानं मेंढी पाडली म्हणून एका मेंढपाळाचा फोन आला. मी कारंज्याला भाचीच्या साखरपुड्यात होते. "मॅडम, तुमचा लांडगा सरकारी हाय, माही मेंढी घरची हाय. येता का आज?" मी म्हणाले, "उद्या सकाळी येते काका. हात लावू नका." त्यानं आणखी दोनदा फोन केला. मी पंगतीत बसले होते.

सकाळी मेंढीपासून दहा पावलांवर लांडगीण पडली होती. तोंडाला फेस, सडांत दूध. मेंढपाळ पळाला नव्हता. "तुमी येतच नाई, असं वाटलं," एवढंच म्हणाला. नर आहे, तो पिल्लं सांभाळेल, हात लावू नका, असं मला वरून सांगण्यात आलं. मी दरडीवर पालथी पडून पिल्लांचा आवाज ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी तो थांबला.

वाशीमच्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "नवा नियम असताना विष कसं पडलं?" मी म्हणाले, "त्यानं कळवायला उशीर केला." त्यांनी ते लिहून घेतलं. मेंढपाळावर गुन्हा दाखल आहे. आदेश पुढच्या वर्षी राहणार नाही. नियमाचा उपयोग झाला नाही, असा शेरा पडला. नर अजून माळावर फिरतो.

हे सगळं साहेबांना लिहायला बसले होते. तुला लिहिलं, कारण तू कुणाला सांगणार नाहीस.