आमच्या गल्लीतला दात

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात घातलेला). तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला आणि त्या खोकल्यावरचं त्यांचं व्याख्यान, दोन्ही चालू असेल असं धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे, एक घोर अन्याय वगळता. माझ्या डाव्या कानावरचे केस उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहेत. हा अपघात नव्हे. आपल्या गल्लीतल्या न्हाव्याने हे कृत्य पूर्ण शुद्धीत, सहेतुक आणि शेवटी आरसा दाखवून केलेलं आहे. वर विचारतो, "नियमात बसतंय ना?" मी बसतंय म्हणालो आणि निमूटपणे उठलो.

कारण तुला कळायला हवं. पालिकेच्या फलक विभागात तुझा भाऊ नुसता सह्या करतो असा तुझा समज आहे, तो या वर्षी खोटा ठरला. शहरातल्या पाट्यांना शिस्त लावणारी नियमावली मी स्वतः लिहिली. शाळेत संस्कृतात मिळवलेलं बक्षीस प्रथमच कामी आलं; बाक, कचरापेटी आणि दिव्याचा खांब यांना मिळून मी 'पथोपस्कर' असं नाव दिलं. ते वाचून वरिष्ठांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं (तो आदर होता, असं मी मानतो). नियमाचा मथितार्थ एवढाच, की दुकानांच्या पाट्या सगळ्या एका मापाच्या, राखाडी, वर पांढरी अक्षरं. भिंतीबाहेर काही डोकावता कामा नये. आणि पदपथावरचे बाक हलवून चौकात न्यावेत. पक्षपाताचा आरोप नको म्हणून (खरं सांगायचं तर वर्तमानपत्रात फोटो यावा म्हणून) नमुना रस्ता म्हणून मी आपलीच गल्ली निवडली.

न्हाव्याचा फिरता पट्टेरी खांब गेला. कुलूपवाल्याची हातभर किल्ली गेली, चष्मेवाल्याचा भिंतभर चष्मा गेला, आणि आपल्या जिन्यावरचा दंतवैद्यांचा तो अजस्र दात, ज्याला भिऊन तू लहानपणी डोळे मिटून जिना चढायचीस, तोही उतरला. दंतवैद्य म्हणाले, "जन्मभर लोकांचे काढले, माझा तुम्ही काढलात." गल्ली इतकी सोज्वळ झाली, की तुझी भावजय चष्मेवाल्याकडे जाऊन खोकल्याचं औषध मागून आली. मी हसलो. म्हटलं, अगं, पाट्या वाचायच्या असतात.

बाबा पाट्या वाचत नव्हते, हे माझ्या गावीही नव्हतं. किल्लीशी वळायचं, चष्म्याखालच्या बाकावर टेकायचं, दात आला की घर, असा त्यांचा फेरफटका होता म्हणे. हे मला कुलूपवाल्याकडून कळलं. एका दुपारी तो बाबांना हाताला धरून थेट माझ्या कचेरीत घेऊन आला. आपल्याच गल्लीत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडत होते, पाय दुखले तरी टेकायला जागा नव्हती. कुलूपवाला मला म्हणाला, "यांची तक्रार आहे. घ्या लिहून." बाबांनी माझ्यापुढे हात जोडले. "साहेब, आमच्या जिन्यावरचा दात कुणी काढला, तेवढं बघा. माझा मुलगा इथेच कामाला आहे. माणूस वाईट नाही, पण त्याला सांगून उपयोग नाही."

सगळी कचेरी हसली. शिपाई तर फायलीत तोंड खुपसून. मीही हसलो; मला उठायला उशीर झाला की 'साहेबांना चहा द्या' म्हणणारा हा माणूस, त्याची जीभ तुला ठाऊकच आहे. मग त्यांना खुर्ची दिली आणि आधीच सरळ असलेले कागद सरळ करत बसलो. कुलूपवाला उभाच होता. त्याला बसा म्हणायचंही तोंड राहिलं नव्हतं.

नियम बदलावा असं टिपण मी दिलं आहे. वरिष्ठ विचारतात, नियम तुमचा, मग हरकत कुणाची? हल्ली गल्लीतून मान खाली घालून जातो, त्यामुळे फरशा मात्र उत्तम बसल्या आहेत हे ध्यानात आलं.

इति अलम्. भावोजींस नमस्कार.

तुझा (सोयीपुरता) आज्ञाधारक भाऊ

ता. क. केसांचं दुःख कळवायला एवढं लांब पत्र कोण लिहितं, हे तू ओळखलंच असशील. थोडे दिवस येऊन राहतेस का? गुडघा दाखवायचाय असं सगळ्यांना सांग. बाबांनाही तेच सांग.

ता. क. दुसरा. दात परत लावून घेतला आहे, माझ्याच सहीने, माझ्याच नियमाविरुद्ध. बाबा आता घरी बरोबर येतात. एवढ्याने माझं मन निवेल असं वाटलं होतं.

ता. क. शेवटचा. तू दारात आलीस की आधी बोलू नकोस. ते तुला काय म्हणून हाक मारतात, ते मला ऐकायचंय. त्या दिवशी कचेरी हसत होती तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. तो टोमणा होता असं मी सगळ्यांना सांगतो. ताई, मला वाटतं, त्यांनी मला ओळखलं नव्हतं.